तुटक रेष

४ जानेवारी

आजपासून रोज लिहायचं ठरवलंय. कारण राग. तो आधी ह्यांच्यावर काढून झाला. हे आपल्या सायकलच्या दुकानात चाकाचे आरे पिळत "हं, हं" करत राहिले. समोर गिऱ्हाईक होतं म्हणून मी थांबले, नाहीतर अजून बोलले असते.

झालं असं. पुरातत्त्व कार्यालयात मी एकतीस वर्षं नकाशे काढतेय. हातानं. पडकी भिंत असो की फुटक्या रांजणाचा काठ, मोजायचं, कागदावर उतरवायचं, शाईनं पक्कं करायचं. आज साहेबांनी बोलावलं. म्हणाले, "बाई, आपल्या टेकडीची विमानातून लेझर मोजणी झालीय. आता नकाशे त्यातून निघणार. शिकवायला एक जण येतेय, शिकून घ्या."

"आणि माझं टेबल?"

"टेबल आहे तिथेच राहील. फक्त त्यावर कॉम्प्युटर येईल."

टेबल राहणार, वर कॉम्प्युटर येणार. म्हणजे बाई खुर्चीसकट गेल्या, असंच ना?

आणि टेकडी कुठली, तर जुन्या तटबंदीची! तिचा नकाशा माझा आहे. नोकरीच्या पहिल्याच वर्षी काढलेला, अजून पुस्तकांत तोच छापतात. पाणीखात्याच्या इंजिनिअरनं नव्या टाकीची जागासुद्धा त्यावरूनच ठरवली. पश्चिमेच्या खांद्यावर, तटाच्या बाहेर, जिथे काही नाही तिथे. फेब्रुवारी संपायच्या आत आमच्या कार्यालयानं त्याला ना-हरकत द्यायची आहे, म्हणून हा सगळा लेझरचा खटाटोप. माझा नकाशा धडधडीत समोर असताना.

६ जानेवारी

शिकवणारी आली. सव्वीस-सत्तावीसची असेल, पाठीवर हे एवढं मोठं दप्तर. आल्या आल्या म्हणते, "ताई, तो टेकडीचा नकाशा तुमचाच ना? आम्हाला कॉलेजात अभ्यासाला होता." लाडीगोडी. मी मनातल्या मनात तिचं नाव मास्तरीण ठेवलं.

मास्तरणीचं म्हणणं असं. विमान वरून जातं आणि खाली लेझरचे झटके सोडतं, सेकंदाला लाखांनी. काही पानांवर आपटून परत जातात, काही पानांच्या फटींतून जमिनीपर्यंत पोचून परत जातात. जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून उंची कळते. असे कोट्यवधी ठिपके जमतात. मग यंत्राला सांगायचं, बाबा रे, झाडांचे ठिपके बाजूला काढ आणि जमिनीचे ठेव. एक झाड न तोडता टेकडी बोडकी.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायच्या." या आठवड्यात पहिल्यांदा माझ्या मनासारखं बोलले.

९ जानेवारी

तीन दिवसांत टेकडी दोनदा पुसली आणि एकदा उलटी केली. मास्तरीण दर वेळी शांतपणे "मागे घ्या" असं बटण दाबते आणि टेकडी परत येते. ओरडत तरी नाही. ओरडली असती तर मलाही चार शब्द सुनावता आले असते.

आज तिनं सूर्य दाखवला. म्हणजे पडद्यावर जमिनीला ऊन कुठल्या बाजूनं द्यायचं ते आपण ठरवायचं. सावली पडली की बारीकसारीक उंचवटे उठून दिसतात. मी सूर्य खालच्या बाजूला ठेवला, तर सगळे खड्डे टेकाडं झाले आणि टेकाडं खड्डे. मी म्हटलं, बिघडलं तुमचं यंत्र. ती म्हणाली, "यंत्र नाही ताई, डोळे. डोळ्यांना वरच्या बाजूनं ऊन यायची सवय असते." सूर्य वर नेला आणि सगळं जागच्या जागी. अर्धा तास मी त्याला इकडून तिकडे फिरवत बसले. चहा निवला.

१३ जानेवारी

सापडलं! उत्तरेच्या उतारावर गोल. परकारानं काढावा असा. सहा मीटर रुंद, भोवती चर. बुरूज नाहीतर टेहळणीची जागा, दुसरं काय असणार? माझ्या जुन्या नकाशात हे नाही, कारण तेव्हा तिथे गवत कमरेएवढं होतं. सरळ साहेबांकडे गेले. मास्तरीण मागून "ताई, आधी जाऊन बघू या का?" म्हणत होती. मी म्हटलं, तुम्हीच म्हणता ना जावं लागत नाही? साहेब खूश झाले. त्यांनी वरच्या कार्यालयाला फोनसुद्धा लावला.

१५ जानेवारी

आज आम्ही सगळे टेकडीवर गेलो. साहेब, मास्तरीण आणि मी. गोल आहे. अगदी जागच्या जागी आहे. तिथे एक म्हातारी गवत कापत होती. साहेबांनी तिला अदबीनं विचारलं, "आजी, हे काय आहे, काही माहितीय?"

"दोन वर्षांमागं माझी गंजी होती की इथं," म्हातारी म्हणाली. "भोवती चर नको मारायला? पावसाचं पाणी शिरतं, गवत कुजतं." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही एवढ्या लांबनं गंजी बघायला आलात?"

बुरूज माझा, दोन वर्षांपूर्वीचा, आतमध्ये वाळलेलं गवत. साहेबांनी फोन काढला आणि वरच्या कार्यालयाला काय सांगावं याचा विचार करत दूर जाऊन उभे राहिले. मास्तरणीनं हसू दाबायला खोकल्याचं सोंग आणलं. मला ते कळलं आणि काय झालं कोण जाणे, मीच आधी हसले. मग म्हातारीही हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो तिघी.

उतरताना मास्तरीण म्हणाली की तिनंही शिकताना एका गोठ्याचं मंदिर केलं होतं. बरं वाटलं.

२२ जानेवारी

मला या यंत्रात काडीचा रस नाही, हे आधी लिहून ठेवते.

आज कार्यालय उघडायच्या आत पोचले. शिपायानं विचारलं, "बाई, घड्याळ बंद पडलं का?" कालपासून पूर्वेच्या तटाचे ठिपके साफ करायचे राहिले होते, म्हणून. झुडूप कुठलं आणि दगड कुठला हे यंत्राला कळत नाही. ठेंगणी भिंत दिसली की ते तिला झुडूप समजतं आणि फेकून देतं. मला मात्र कळतं. त्या तटावरून मी पायांनी फिरलेय. मास्तरीण बाजूला खुर्ची घेऊन बसते आणि विचारते, "हे कशावरून ओळखलंत?" आणि चक्क लिहून घेते. का लिहून घेते, ते मला चांगलं ठाऊक आहे. माझ्याकडचं सगळं वहीत उतरलं की मग बाई कशाला हव्यात?

रविवारी कार्यालयाची किल्ली मिळेल का असं विचारलं. साहेब आ वासून बघत राहिले.

२९ जानेवारी

उत्तर आणि पूर्व तट पूर्ण झाला. माझा जुना नकाशा त्यावर ठेवून पाहिला. एकतीस वर्षांपूर्वी टेप आणि होकायंत्र घेऊन काढलेली रेष, आणि आज विमानातून आलेली. फरक हातभराचा! मास्तरीण दोन्ही हात डोक्याला लावून म्हणाली, "ताई, हे टेपनं? तुम्ही माणूस आहात की काय?" साहेबांना ओढून आणलं, शिपायाला दाखवलं. मीही आडून आडून तिकडून तीनदा गेले.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "मग मशीन पास झालं म्हणायचं." आज ह्यांच्यासाठी आवडीचं कालवण केलं.

२ फेब्रुवारी

पश्चिमेला काहीतरी घोळ आहे. माझ्या नकाशात तट उत्तरेकडून येतो, पश्चिमेला छान आत वळतो आणि दक्षिणेला मिळतो. पडद्यावर तो वळतच नाही. सरळ खाली खांद्यावर उतरतो आणि खांद्याला वळसा घालून परत येतो. म्हणजे जिथे टाकी व्हायची आहे, ती जागा नेमकी तटावरच! आणि माझी भिंत जिथे आहे तिथे पडद्यावर गुळगुळीत जमीन.

विमान हललं असणार. मी तसं म्हटलंही. मास्तरीण म्हणाली, "हो ताई, माझंच काहीतरी चुकतंय. तुमची रेष दुसरीकडे हातभर हलत नाही, इथे चाळीस मीटर कशी हलेल?" समजूतदार आहे तशी.

७ फेब्रुवारी

मास्तरीण पाच दिवस पश्चिम बाजू पुन्हा पुन्हा काढतेय. दर वेळी तट तिथेच उतरतो. चेहरा एवढासा झालाय तिचा. डबा उघडते आणि तसाच बंद करते. मी म्हटलं, अगं खा चार घास. तर म्हणाली, "ताई, हे माझं पहिलंच काम आहे. मोजणीच चुकली निघाली तर मला कोण पुढचं देणार?"

मला वाईट वाटलं. पण मी काय करू? माझ्या नकाशात सलग रेष आहे. आमच्या कामातला पहिला नियम हाच. डोळ्यांनी पाहिली, हातानं मोजली, तर सलग रेष. नुसता अंदाज असेल तर तुटक. नव्या माणसाला पहिल्या दिवशी मी हेच शिकवते. सलग आहे म्हणजे मी पाहिली असणारच. आठवत नाही, पण एकतीस वर्षांपूर्वीचं कुणाला आठवतं!

११ फेब्रुवारी

प्रिंटरवर एक कागद राहिला होता. माझा समजून उचलला. मास्तरणीचं पत्र, साहेबांच्या नावे. "पश्चिम भागाची लेझर मोजणी सदोष असून ती ग्राह्य धरू नये. पूर्वीचा नकाशा प्रमाण मानून टाकीस ना-हरकत द्यावी. मोजणीतील चुकीची जबाबदारी माझी आहे." खाली सही करायची बाकी होती.

मी तो कागद होता तसा परत ठेवला. मला आनंद व्हायला हवा होता. यंत्र हरलं, बाई जिंकल्या. दुपारचा डबा मात्र मीही उघडला आणि तसाच बंद केला.

१२ फेब्रुवारी, सकाळ

पलंगाखालची ट्रंक ओढून काढली. त्या वर्षीच्या मोजणीच्या वह्या आहेत, फेकवल्या नाहीत कधी. हे म्हणाले, "आज कामाला जायचं नाही का?" मी म्हटलं, हेच काम आहे.

तिसरी वही, मधलं पान. माझंच अक्षर, गोल गोल, तेविसाव्या वर्षीचं. पश्चिमेची बाजू, आणि शेजारी लिहिलंय: "काटेरी रान. आत जाता आलं नाही. वळण अंदाजे. तुटक."

तुटक!

मग सगळं आठवलं. नकाशा पक्का करायचा दिवस. पूर्ण तट शाईनं काढून झाला होता, असा डौलदार, आणि शेवटी तेवढाच तुकडा पेन्सिलीनं तुटक. नव्या साडीला ठिगळ लावल्यासारखा दिसत होता. तेव्हाचे मोठे साहेब मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "वा पोरी, काय रेष आहे!" त्यांच्यासमोर माझा हात उचललाच गेला नाही. रेष सलग पुढे गेली. मनात म्हटलं, भिंत दुसरीकडे जाणार कुठे? नंतर जाऊन बघू, चुकली असली तर दुरुस्त करू. त्यानंतर कुणी विचारलं नाही. मीही नाही.

कुणी फसवलं नाही, कुणी दबाव आणला नाही. सुंदर दिसावं म्हणून मी एक भिंत बांधली. आणि आता ती वाचवायला एक पोरगी स्वतःच्या नावावर काट मारायला निघालीय.

ह्यांना वही दाखवली. ह्यांनी चष्मा लावून वाचलं. म्हणाले, "जा. रिक्षा करून जा, सही करून बसायची ती."

१२ फेब्रुवारी, संध्याकाळ

सही झाली नव्हती. मी वही तिच्यासमोर उघडून ठेवली आणि म्हटलं, "तुझं यंत्र बरोबर आहे. मी खोटी आहे." तिनं ते पान वाचलं, मग माझ्याकडे बघितलं, मग टेबलावर डोकं ठेवून रडायला लागली. मला वाटलं रागानं. तर म्हणते, "ताई, म्हणजे मला येतं! मला येतं हे काम!" वेडी कुठली. मीही रडले. शिपाई चहा घेऊन आला आणि तसाच मागे फिरला.

मग दोघी साहेबांकडे. साहेबांनी डोक्याला हात लावला. इंजिनिअरला काय सांगायचं, सहा महिन्यांचं काम फुकट. मग जरा सावरून म्हणाले, "बाई, तुमची निवृत्ती जवळ आलीय. आपण असं लिहू, की त्या काळच्या साधनांच्या मर्यादांमुळे."

मी म्हटलं, "साधनांना काय मर्यादा, साहेब? पेन उत्तम होतं. 'नकाशा काढणारीनं न पाहिलेली भिंत पाहिल्यासारखी दाखवली' असं लिहा."

"असं छापायचं?"

"असंच. खाली माझं नाव."

त्यांनी पेन उघडलं, पुन्हा बंद केलं, पुन्हा उघडलं. शेवटी लिहिलं. शब्दन् शब्द माझा.

१७ फेब्रुवारी

इंजिनिअर आले, तावातावानं. टेकडीखालच्या वस्तीला दोन वर्षं दिवसाआड पाणी आहे, लोक त्यांना रस्त्यात गाठून विचारतात. मी उभी राहिले आणि जे होतं ते सांगितलं. ते म्हणाले, "बाई, तुमच्या एका रेषेपायी मी आराखडा काढला!" बरोबरच बोलले. ऐकून घेतलं.

मग त्यांनी पडद्याकडे बघितलं आणि एकदम चेहरा खुलला. "थांबा. तुमची खोटी भिंत होती, तिथे तर आता काही नाहीच ना? तटापासून लांब, जमीन सपाट. टाकी तिथे सरकवतो! पाइप पन्नास-साठ मीटर वाढेल, बस्स." "तट आणि अवशेष टळले की ना-हरकत," म्हणत साहेब हसले, मास्तरीण हसली, मीही हसले. सगळं सुटलं.

घरी येऊन भाजी निवडताना मन खाऊ लागलं. ते रान काट्यांचं होतं. एकतीस वर्षांत वाढलंच असेल. माणूस आत जाऊ शकत नाही, मग लेझर गेलं?

१८ फेब्रुवारी

सकाळी सगळ्यात आधी ते काम. जमिनीचं चित्र बंद केलं आणि नुसते ठिपके ठेवले. सगळीकडे मुंग्यांसारखे ठिपके, आणि त्या तुकड्यात भोक! एकही ठिपका जमिनीवर पोचलेला नाही. इतकं दाट रान, सगळे झटके वरूनच परत.

मास्तरणीला बोलावलं. "इथे ही गुळगुळीत जमीन दिसतेय. ही दिसलीय की मानलीय?"

ती वाकून बघत राहिली. कान लाल झाले. "मानलीय," ती म्हणाली. "ठिपके नसतील तर यंत्र कडेचे ठिपके जोडून मधली जागा भरून काढतं. मी हे तपासायला हवं होतं. भिंतीच्या नादात..."

"म्हणजे तुझं यंत्र माझ्याच वळणावर गेलंय. जाता आलं नाही तरी सलग काढतं."

ती हसली, पण घाबरून. पुन्हा साहेबांकडे. साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही आता मला निवृत्त करणार." इंजिनिअरला फोन केला. ते म्हणाले, "रान तोडायला माणसं देतो. पण तुम्ही स्वतः यायचं."

मी म्हटलं, "मीच आधी आत जाणार आहे."

२४ फेब्रुवारी

चार माणसं, दोन दिवस, कोयते. काल संध्याकाळपर्यंत एक बोगद्यासारखी वाट झाली आणि आज सकाळी आम्ही आत शिरलो. वाकून, पुढे पुढे रांगत. ह्यांनी सकाळी दुकानातले जाड हातमोजे दिले होते, तरी बाहीचा तुकडा काट्यांनी ठेवून घेतलाच. मागून मास्तरीण "ताई जपून, ताई जपून" करत येत होती आणि स्वतःच अडकत होती. इंजिनिअर बाहेर उभे राहून दर मिनिटाला ओरडत होते, "काही दिसतंय का?" भिंत असली तर टाकी गेली, वस्तीचं पाणी गेलं. आणि खरं सांगायचं तर मनाच्या एका कोपऱ्याला अजून वाटत होतं, असावी. निघाली तर मी खोटी ठरत नाही. लाज वाटली, पण वाटत होतं हे खरं.

शेवटी बरोबर त्या जागी पोचले. प्रत्येक पुस्तकात जिथे माझी ती डौलदार रेष जाते, तिथे. पालापाचोळा हातानं बाजूला केला. खाली बोटभर माती आणि मातीखाली सलग कातळ. लोखंडी सळई घेऊन दर हातावर ठोकत गेले. ठण्ण. ठण्ण. चाळीस मीटर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. एकही रचलेला दगड नाही, भिंतीचा पाया नाही, खापराचा तुकडासुद्धा नाही. गुडघे सोलले. मग दुसऱ्या बाजूनं परत ठोकत आले, उगीच शंका नको.

मास्तरणीनं वही उघडली. केसांत काटे, गालावर ओरखडा. "ताई, काय लिहू?"

"लिही. आत जाऊन पाहिलं. काही नाही."

तिनं लिहिलं. मी तिच्या हातातून पेन घेतलं आणि खाली सही केली. मग बाहेर तोंड करून ओरडले, "इथेच बांधा हो टाकी!" बाहेर कोयतेवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. इंजिनिअर काय म्हणाले ते ऐकू आलं नाही.

दुपारी दुकानाशी उतरले. ह्यांनी माझा अवतार बघितला. फाटकी बाही, केसांत पाला, गुडघ्यावर माती. हातातला पाना खाली ठेवला.

"काय सापडलं?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"एवढंसुद्धा नाही."

"मग इतकी हसतेयस कशाला?"

मी त्यांच्या स्टुलावर बसले आणि म्हटलं, आधी चहा सांगा, मग सगळं पहिल्यापासून सांगते.